पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण जातं कुठं?

मुळारंभ

सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. अकरावीच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड करताना यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, या पेशीत केंद्रकाची कड दिसतीय आणि शेजारच्या पेशीत नुसती गुणसूत्रं आहेत. मग ते आवरण गेलं कुठं?" पुस्तकात याला एकच ओळ आहे. पूर्वावस्थेच्या शेवटी केंद्रकावरण नाहीसं होतं, अंत्यावस्थेत पुन्हा तयार होतं. परीक्षेला तेवढं पुरतं. पण त्या एका ओळीमागं जे घडतं ते इतकं देखणं आहे की मराठीत नीट लिहून काढावंसं वाटलं. इथं जाणकार मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी.

आधी आवरणाची रचना. ते दुहेरी असतं. आतलं पटल, बाहेरचं पटल आणि मध्ये ३० ते ५० नॅनोमीटरची फट. बाहेरचं पटल पुढं सलग आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीद्रव्यात पसरलेल्या पटलांच्या जाळ्यात, जातं, म्हणजे दोन्ही एकाच पटलाचे भाग आहेत. ही सलगता लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आतल्या पटलाला आतून लॅमिन या प्रथिनाच्या तंतूंची जाळी लागून असते, केंद्रकाला ताठपणा येतो तो तिच्यामुळं. आणि दोन्ही पटलांना आरपार छेदणारी रंध्रं. १९५० साली कॅलन आणि टॉमलिन यांनी उभयचरांच्या अंडपेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं ती पहिल्यांदा पाहिली.

रंध्र म्हणजे नुसतं भोक नव्हे. सुमारे ३० प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाच्या अनेक प्रती, आठ सारख्या भागांचं कडं, असं ते अवाढव्य बांधकाम आहे. माणसाच्या पेशीत एका रंध्रसंकुलाचं वस्तुमान ११ कोटी डाल्टनच्या (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वस्तुमान) घरात जातं, बाहेरचा व्यास १२० नॅनोमीटरच्या आसपास. एका केंद्रकावर अशी दोन-तीन हजार रंध्रं सहज असतात. मधल्या वाटेत काही प्रथिनांच्या लवचीक शेपट्या दाटीवाटीनं भरलेल्या असतात. लहान रेणू त्यातून आपसूक निघून जातात. साधारण ४० हजार डाल्टनच्या पुढचा रेणू असेल तर त्याला वाहक प्रथिनाची सोबत लागते.

आता विभाजन. सीडीके-१ नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि शेकडो प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवत सुटतं, सोबत आणखी काही विकरं असतात. रंध्रांमधल्या न्यूप-९८ या प्रथिनावर हा फॉस्फेट फार लवकर बसतो. ते सुटलं की रंध्राची अडवणूक संपते आणि एरवी बाहेर थांबणारी प्रथिनं आत शिरायला लागतात. म्हणजे आवरण फाटण्याच्या आधी रंध्रं गळायला लागलेली असतात! मागोमाग बाकीची प्रथिनं सुटतात. ती एकेक करून विखरत नाहीत, ठरलेल्या गटांनी सुटतात.

लॅमिनच्या जाळीचंही तेच. जेरेस आणि ब्लोबेल यांनी १९८० मध्ये दाखवलं की विभाजनात ही जाळी विरघळते आणि नंतर तेच लॅमिन पुन्हा जुळतं. त्याच सुमारास बाहेरून ओढाताण चालू होते. सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या बारीक नळ्यांवरून, चालणारं डायनिन हे प्रथिन आवरणाला धरून त्या नळ्या जिथून निघतात त्या तारककेंद्राकडं खेचतं. त्या बाजूला आवरणाला चुण्या पडतात, लांबच्या बाजूला ताण येतो आणि तिथं जाळी टरकते. २००२ साली हे जिवंत पेशींत टिपलं गेलं.

आणि पटल? ते आंतर्द्रव्यजालिकेत ओढलं जातं. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. पुन्हा बांधणी कशी होते ते प्रतिसादांत लिहिते, इथं लांबण लागेल.

सिद्धेश्वर पेठ

मॅडम, फार सुंदर. एक शंका. तुम्ही म्हणता आवरण दोन पटलं आणि मधली फट धरून ५०-६० नॅनोमीटर. आपला कॉलेजचा सूक्ष्मदर्शक तर २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दाखवू शकत नाही. मग त्या मुलीला कड दिसली ती कशाची?

मुळारंभ

अगदी बरोबर पकडलंत. ती कड आवरणाची नव्हे. ॲसिटोकारमाइन हा रंग क्रोमॅटिनला, म्हणजे डीएनए आणि त्याच्या प्रथिनांच्या गुंत्याला, रंगवतो. आवरणाला चिकटून क्रोमॅटिनचा दाट थर असतो, तो संपतो तिथं आपल्याला गोल रेघ भासते. स्लाइडवर खरं तर दोन गोष्टींवर भिस्त ठेवावी. केंद्रकाची सीमा गोल आणि रेखीव आहे का, आणि आत केंद्रकी, म्हणजे न रंगलेला फिकट गोल ठिपका, दिसतो का. पूर्वावस्था सरत आली की ठिपका जातो आणि सीमा दातेरी होते. हे दोन्ही मुलांना चाळीसच्या भिंगाखाली नीट दाखवता येतं.

करून पाहणाऱ्यांसाठी: कांद्याची जुनी वाळकी मुळं खरवडून बुडखा जेमतेम पाण्याला टेकेल असा ग्लासवर ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पाणी तापतं आणि मुळं कुजतात, म्हणून ग्लास माठाजवळच्या गारव्यात ठेवायचा, पाणी रोज बदलायचं. मुळं सकाळी कापायची, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलमध्ये टाकायची. रंगवताना जरासं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून स्पिरिटच्या दिव्यावर हलकं गरम करायचं, उकळू द्यायचं नाही. फक्त टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा गडद भाग ठेवायचा, बाकी फेकायचा. वर ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबायचं. अंगठा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड वाया.

दुपारचं ऊन

मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या हैदराबादला पेशीशास्त्रात पीएचडी करतोय. मॅडमनी "पटल आंतर्द्रव्यजालिकेत ओढलं जातं" असं एका वाक्यात लिहिलंय, पण या वाक्यासाठी बरंच भांडण झालंय, ते सांगतो.

बरीच वर्षं समज असा होता की आवरण फुटून त्याच्या बारीक पिशव्या होतात आणि शेवटी त्या पिशव्या गुणसूत्रांभोवती जमून एकमेकींना जुळतात. या समजाला आधार होता झेनोपस बेडकाच्या अंड्यांच्या अर्काचा. त्या अर्कात गुणसूत्रं टाकली की नळीतल्या नळीत केंद्रक तयार व्हायचं, आणि पिशव्या तर डोळ्यांना दिसायच्या. पण अर्क करताना अंडी चिरडली जातात, तेव्हा जालिकेचे तुकडे होणारच. १९९७ मध्ये आतल्या पटलातल्या एका प्रथिनाला चमकणारं हिरवं प्रथिन जोडून जिवंत पेशीत त्याचा माग काढला गेला. विभाजनात ते प्रथिन सगळ्या जालिकेभर पसरलेलं दिसलं आणि शेवटी जालिकेतूनच गुणसूत्रांवर परत आलं. पिशव्यांची गरजच उरली नाही. परत येताना जालिकेच्या नळ्या आधी पोचतात की चादरीसारखे सपाट भाग, यावर मात्र पुढंही वाद चालला.

मला यात आवडतं ते हे की बेडकाच्या अर्कातले लोक चुकीचं पाहत नव्हते. ते जे पाहत होते ते चिरडलेल्या पेशीतलं होतं.

सूत गिरणी

मी निवृत्त माणूस, गिरणीत जन्म गेला, विज्ञान मॅट्रिकपुरतं. पण हे वाचून गड्ड्याची यात्रा डोळ्यांसमोर आली बघा. होम मैदानावरचे मांडव उतरवताना कोणी फाडून टाकत नाही. वासे वेगळे, दोऱ्या वेगळ्या, कापड वेगळं, सगळं जथ्याजथ्यानं बांधून ठेवतात आणि पुढच्या संक्रांतीला तेच उभं राहतं. मॅडम म्हणतात ते गटांनी सुटणं असंच ना?

दुपारचं ऊन

काका, रंध्रांच्या बाबतीत अगदी असंच. वाय-संकुल नावाचा नऊ-दहा प्रथिनांचा गट आहे, तो अख्खा सुटतो आणि अख्खा परत बसतो. पण दोन ठिकाणी फरक करावा लागेल. कापड इथं कोणी उतरवत नाही, पटल जिथल्या तिथं जालिकेत मिसळतं. आणि वासे गोदामात पडून राहत नाहीत. वाय-संकुलाचा काही भाग विभाजन चालू असताना गुणसूत्रांच्या त्या जागी जाऊन बसतो जिथं तर्कूतंतू, म्हणजे गुणसूत्रं ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका, पकडतात, आणि तिथंही त्याचं काम असतं. एकच प्रथिन एरवी दाराच्या चौकटीत, विभाजनात गुणसूत्र ओढण्याच्या कामाला.

मंगळवेढेकर

वाचतोय. मी शेतीशाळेतला, बुरशीचं थोडंफार वाचन आहे. यीस्टमध्ये आवरण फुटतच नाही असं वाचल्याचं आठवतं. मग तर्कू आत कसा तयार होतो?

मुळारंभ

दादा, तुम्ही याल असं वाटलंच होतं. हो, बेकरीतल्या यीस्टमध्ये आवरण शेवटपर्यंत शाबूत राहतं. तिथं तर्कूची टोकं आवरणातच रुतलेली असतात, त्यामुळं सूक्ष्मनलिका आतल्या आत वाढतात आणि त्यांना लागणारं ट्युब्युलिन हे प्रथिन रंध्रांतूनच आत आणलं जातं. केंद्रक लांबतं, मध्ये बारीक होतं आणि दोन होतात.

आणि मंगळवेढ्याच्या माणसाला आवडेल अशी गोष्ट. या विषयातलं दुसरं लाडकं यीस्ट, शायझोसॅकरोमायसिस पॉम्बे, १८९३ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून वेगळं केलं गेलं. पॉम्बे म्हणजे स्वाहिलीत बिअर. पॉल नर्स यांनी सीडीके-१ चं जनुक याच यीस्टमध्ये अभ्यासलं, आणि २००१ चं नोबेल हार्टवेल आणि हंट यांच्यासोबत त्यांना मिळालं. म्हणजे मूळ धाग्यात ज्या विकरापासून सगळी मोडणी सुरू होते, ते हाती लागलं आवरण न मोडणाऱ्या यीस्टमध्ये.

दुपारचं ऊन

यात आणखी एक गंमत आहे. पॉम्बेमध्ये आवरण "शाबूत" राहतं म्हणतात, पण दोन केंद्रकांना जोडणारा जो शेवटचा बारीक पूल असतो, त्याच्या मधोमध असलेली रंध्रं मोडली जातात आणि तेवढ्या जागी आवरण उघडतं. बाकीची रंध्रं जशीच्या तशी. हे २०२० मध्ये उलगडलं. त्याचाच भाऊबंद शायझोसॅकरोमायसिस जॅपोनिकस मात्र आवरण मध्ये सरळ फाडतो. एकाच वंशातले दोघे, रीत वेगळी.

ॲस्परजिलस निड्युलन्स ही बुरशी मधल्या मार्गावर आहे. पटल राहतं, पण रंध्रांचे पुष्कळसे भाग सुटून जातात आणि ट्युब्युलिन मोकळेपणी आत येतं. तिथं हे काम करणाऱ्या विकरांतलं एक आहे निमा, आणि माणसाच्या पेशीत न्यूप-९८ वर फॉस्फेट बसवणाऱ्यांमध्ये या निमाचेच नातेवाईक आहेत. म्हणून मला हे "फुटतं" आणि "फुटत नाही" असे दोन कप्पे पटत नाहीत. रंध्र किती सोडायचं, कुठलं सोडायचं आणि कधी, यातच सगळा फरक आहे.

सिद्धेश्वर पेठ

मग धाग्यात जे सगळं लिहिलंय ते कांद्यालाही लागू आहे का? कारण प्रश्न कांद्यावरून सुरू झाला होता.

मुळारंभ

महत्त्वाचं विचारलंत. कांद्यातही आवरण फुटतं, पण वर सांगितलेले तपशील बहुतेक माणसाच्या, बेडकाच्या आणि इतर प्राण्यांच्या पेशींवरून कळलेले आहेत. वनस्पतींमध्ये लॅमिनचं जनुकच नाही. त्याच्या जागी वेगळ्याच कुळातली प्रथिनं आतली जाळी करतात. तारककेंद्रही नाही, त्यामुळं डायनिननं तिकडं खेचण्याचा प्रकारही नाही. उलट वनस्पतींत केंद्रकाचा पृष्ठभागच सूक्ष्मनलिका उगवण्याची जागा असतो. वर्गात मी प्राण्यांचं चित्र आणि कांद्याची स्लाइड शेजारी ठेवते आणि कुठं सारखं, कुठं वेगळं, ते मुलांकडून काढून घेते. कांद्याची १६ गुणसूत्रं जाडजूड असतात, म्हणून स्लाइडला कांद्याला तोड नाही.

टिळक चौक

माझा मुलगा अकरावीत आहे. परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातील का? खरंच विचारतोय.

मुळारंभ

जाणार नाहीत. पुस्तकातली ओळ आधी लिहायची आणि पुढं एक वाक्य जोडायचं: पटल आंतर्द्रव्यजालिकेत सामावतं, लॅमिनची जाळी आणि रंध्रं सुटी होतात. पेपर तपासणारा माणूस हे वाचून खूशच होतो, मी स्वतः तपासते.

पार्क चौक

मी पॅथॉलॉजिस्ट. आमच्याकडं हे आवरण रोज मोजमापात येतं, म्हणून लिहितो. स्तनाच्या कर्करोगाची श्रेणी ठरवताना विभागणाऱ्या पेशी मोजाव्या लागतात. पेशी खरंच विभागतेय असं कधी म्हणायचं? केंद्रकाचं आवरण दिसता कामा नये आणि गुणसूत्रांच्या गठ्ठ्याला केसाळ कडा हवी. कड गुळगुळीत आणि गठ्ठा काळाकुट्ट आटलेला असेल तर ती बहुधा मरणारी पेशी, ती मोजायची नाही. नवीन विद्यार्थी इथंच अडखळतात. आणि मोजणीत दोन-चारचा फरक पडला तरी सीमेवरच्या रुग्णाची श्रेणी बदलू शकते.

दुसरं, प्रोजेरिया. मुलांना अकाली म्हातारपण येण्याचा हा दुर्मिळ आजार लॅमिन-ए च्या जनुकातल्या बदलानं होतो, हे २००३ मध्ये कळलं. एरवी लॅमिन-ए ची तेलकट शेपटी कापली जाते आणि विभाजनात ते पेशीद्रव्यात मोकळं फिरतं. लॅमिन-बी ची शेपटी राहते, म्हणून ते पटलाला धरून असतं. प्रोजेरियातल्या सदोष प्रथिनाची शेपटी कापलीच जात नाही. ते विभाजनातही पटलाला चिकटून राहतं आणि पुढची बांधणी रखडते. ही शेपटी लागूच नये यासाठीचं लोनाफार्निब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झालं. ते आजार बरा करत नाही, पण मुलांचं आयुष्य वाढवतं.

मुळारंभ

डॉक्टर, मनापासून आभार. तुमचा पहिला परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

राहिलेली बांधणी लिहिते. गुणसूत्रं दोन बाजूंना निघाली की सीडीके-१ थंडावतं आणि फॉस्फेट काढणारी विकरं कामाला लागतात. रंध्राची पहिली वीट एलिस नावाचं प्रथिन. ते थेट क्रोमॅटिनवर बसतं आणि वाय-संकुलाला बोलावून घेतं. मग पटल पसरत येतं आणि या खुंट्यांभोवती रंध्रं उभी राहतात. ही बांधणी गुणसूत्रांवरच का, पेशीत दुसरीकडं का नाही? रॅन या प्रथिनाचं जीटीपीवालं (जीटीपी हा लहान रेणू चिकटलेलं) रूप फक्त गुणसूत्रांजवळ तयार होतं आणि तेच रंध्राच्या प्रथिनांना वाहकाच्या पकडीतून सोडवतं.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं वेगळी व्हायला लागल्यापासून दहाएक मिनिटांत आवरण बंद होऊन आतबाहेर वाहतूक सुरू होते. याउलट विभाजनाच्या मधल्या काळात, केंद्रक वाढताना नवं रंध्र घालायचं तर एकेका रंध्राला तासभर लागतो, कारण तिथं बंद आवरणाला आतून बाहेर फुगवत छेद पाडायचा असतो. रीतच वेगळी.

कोयना एक्स्प्रेस

माणसाची ४६ गुणसूत्रं असताना आवरण प्रत्येकाभोवती वेगळं का होत नाही? सगळ्यांना मिळून एकच केंद्रक कसं?

दुपारचं ऊन

फार चांगला प्रश्न. बाफ नावाचं इवलंसं प्रथिन डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी टाचतं. गुणसूत्रांच्या जुडग्याच्या बाहेरच्या अंगाला ते दाट थर करतं, पटल त्या थराच्या आत शिरू शकत नाही आणि बाहेरूनच गुंडाळतं. २०१७ मध्ये बाफ काढून पाहिलं तेव्हा एका केंद्रकाऐवजी अनेक तुकडे झाले.

आणि गुंडाळताना तर्कूतंतू अजून आरपार गेलेले असतात, तिथं भोकं राहतात. ती शिवायचं काम एस्कर्ट-३ ही प्रथिनं करतात, २०१५ मध्ये दोन गटांनी हे एकाच वेळी दाखवलं. त्याच कामात स्पॅस्टिन तंतू कापून देतं.

पार्क चौक

याला जोडून. एखादं गुणसूत्र मागं राहिलं तर त्याच्याभोवती वेगळं छोटं केंद्रक होतं. त्याचं आवरण कच्चं असतं, रंध्रं कमी, लॅमिनही कमी, आणि ते पुढं फुटतं. आतला डीएनए उघडा पडून चिंध्या होतो. कर्करोगाच्या पेशींत एकच गुणसूत्र शेकडो तुकडे होऊन वेडंवाकडं जुळलेलं सापडतं, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

सूत गिरणी

शेवटचं विचारतो. मेंदूतल्या पेशी विभागत नाहीत म्हणतात. मग त्यांची रंध्रं सुटतच नसतील. ती तशीच राहतात का आयुष्यभर?

मुळारंभ

काका, बरीचशी तशीच. उंदरांना जड नायट्रोजनचं खाणं देऊन प्रथिनांवर खूण केली आणि मग साधं खाणं सुरू केलं. वर्षभरानंतरही मेंदूतल्या रंध्रांच्या सांगाड्यातली प्रथिनं तीच जुनी होती, हे २०१२ चं काम. शरीरातली बहुतेक प्रथिनं काही दिवसांत बदलली जातात, हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं. त्याआधी २००९ मध्ये म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूत तपासलं तेव्हा काही पेशींची रंध्रं गळकी झालेली होती, आणि एरवी विभाजनाशिवाय केंद्रकात कधी न शिरणारं ट्युब्युलिन आत सापडलं.